चार्जर लावला की स्पीकर गुणगुणतो : पार्श्वभूमी

लॅपटॉपला डॅक (डिजिटल आकड्यांचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं उपकरण), डॅकला अ‍ॅम्प (तो सिग्नल मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर), अ‍ॅम्पला स्पीकर. गाणं लावण्याआधीच घूं सुरू होते आणि चार्जरची पिन काढली की थांबते. अशा वेळी लोक आधी डॅक बदलतात. बहुतेकदा तो खर्च वाया जातो, कारण हा दोष डिजिटल युगाच्या कितीतरी आधीचा आहे.

सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. परतीचा प्रवाह जमिनीतून जाई. शहरांत विजेचे दिवे आणि ट्राम आल्या, त्यांचा प्रवाहही त्याच जमिनीतून वाहू लागला आणि बोलण्यात मिसळला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पीळ दिलेल्या दोन तारांचं पेटंट घेतलं. दोन्ही तारांत बाहेरचा उपद्रव जवळपास सारखाच शिरतो. शेवटी दोन्हींमधला फरक तेवढा घेतला की तो वजा होतो. स्टुडिओतली बॅलन्स्ड केबल आजही याच तत्त्वावर चालते.

घरगुती उपकरणांनी मात्र स्वस्तातली वाट धरली. रेडिओला ग्रामोफोन जोडण्यासाठी अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने आणलेल्या प्लगमध्ये मधली तार सिग्नलची, आणि भोवतीची जाळी हीच परतीची वाट. जोडायची उपकरणं दोनच होती तोवर हे निभावलं. पण अर्थिंग असलेली दोन उपकरणं अशा केबलने जोडली, की अर्थिंगच्या तारा आणि जाळी मिळून एक बंद वर्तुळ तयार होतं. त्यातून फिरणारा किंचितसा प्रवाहही अ‍ॅम्प मोठा करून ऐकवतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून ही घूं ५० आणि १०० हर्ट्झवर येते. पेटीवर पांढरी पाच धरून पाहा: खालच्या सप्तकातला तो स्वर ९८ हर्ट्झचा, म्हणजे घूं त्याहून जराशीच चढी. तानपुऱ्याच्या रेकॉर्डिंगखाली ती किती बोचत असेल, हे गाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी तोशिबाने टॉसलिंक ही ऑप्टिकल जोडणी आणली. तिच्यात तांबं नाही, प्रकाश जातो. म्हणून त्या जागी वर्तुळ तुटतं. ऑप्टिकलने आवाज ‘गोड’ होतो की नाही यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते तिचा खरा उपकार हा विलगपणाच आहे.

१९९६ साली यूएसबी आलं आणि तांबं परतलं. डेटाच्या तारांसोबत पाच व्होल्ट आणि ग्राउंड, म्हणजे परतीची तार, हेही त्याच केबलमधून. यूएसबीवर डेटा ठरावीक ठोक्यांनी जातो: मूळ वेळापत्रक दर मिलिसेकंदाचं, नंतरच्या वेगवान ‘हाय-स्पीड’ प्रकाराचं १२५ मायक्रोसेकंदांचं. म्हणून काही संचांत १,००० किंवा ८,००० हर्ट्झची बारीक शिट्टी ऐकू येते. माउस हलवला की होणारी चिरचिरही याच वाटेने शिरते. बिट्स बरोबर पोहोचलेले असतात. गोंधळ होतो तो डॅकनंतरच्या अ‍ॅनालॉग भागात.

उपकरणं बनवणाऱ्यांच्या चुकीवर ध्वनी-अभियंते नील मन्सी यांनी १९९५ च्या लेखात नेमकं बोट ठेवलं. केबलची जाळी थेट धातूच्या खोक्याला जोडायला हवी. ती आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडली, तर बाहेरचा कचरा सरळ सिग्नलमध्ये येतो. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी (एईएस) या संस्थेच्या २००५ च्या एईएस४८ या मानकाने हीच शिस्त घालून दिली, पण ते पाळणं ऐच्छिक आहे.

या साऱ्या काळात एक घातक उपाय टिकून राहिला: प्लगची अर्थपिन काढून टाकणं. घूं जाते हे खरं, पण आत फेज सुटून खोक्याला टेकली तर शॉक हात लावणाऱ्याला बसतो. हे कधीही करू नका. आधी लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. मग अ‍ॅम्पला जोडलेली सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहा, कारण तिची जाळी घराबाहेरून आलेली असते. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरीही घूं उरली तर डॅकला ऑप्टिकलने जोडा, किंवा डॅक आणि अ‍ॅम्पच्या मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा; तो तारांचा थेट जोड तोडून फक्त सिग्नल पुढे देतो.