रीड म्हणजे नेमकं कोणतं? इंग्लंडमधलं गवती छपराचं घर घेण्याआधी

इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातल्या एखाद्या जुन्या फार्महाऊसची विक्रीची जाहिरात वाचली, की काही शब्द हमखास भेटतात. सतराव्या शतकातलं घर, कॉबच्या म्हणजे माती आणि पेंढ्याच्या जाड भिंती, ओकच्या तुळया, 'ग्रेड टू लिस्टेड' म्हणजे जतनाच्या सरकारी सूचीत नोंदलेलं, आणि 'रीड थॅच' म्हणजे रीडचं छप्पर. बघायला जाणारा माणूस जमीन किती एकर ते विचारतो, इंटरनेट येतं का ते विचारतो, पण 'रीड'पाशी सहसा थांबत नाही. तिथं थांबायलाच हवं. त्या एका शब्दाखाली दोन वेगळी छपरं येतात: एक पाणथळीतल्या गवताचं आणि दुसरं चक्क गव्हाच्या काडाचं.

पहिलं ते वॉटर रीड. शास्त्रीय नाव फ्रॅगमायटीस ऑस्ट्रॅलिस. दलदलीत, तळ्यांच्या आणि संथ नद्यांच्या काठानं वाढणारं हे उंच, पोकळ गवत आहे. लिहायचा बोरू ज्यांनी हातात धरलाय, त्यांना त्या दांड्याचा कडकपणा लगेच कळेल. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक ब्रॉड्स नावाचा मोठा पाणथळ प्रदेश आहे, त्यावरून याला 'नॉरफोक रीड' असंही म्हणतात. हिवाळ्यात पानं झडून दांडे वाळले की कापणी होते. आज मात्र इंग्लंडमध्ये वापरलं जाणारं बरंचसं वॉटर रीड तुर्कस्तान, हंगेरी, चीन अशा देशांतून येतं. लंडनला गेलेल्यांनी थेम्सकाठचं ग्लोब नाट्यगृह पाहिलं असेल. 1666च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये परवानगी मिळालेलं पहिलं गवती छप्पर ते हेच, आणि ते वॉटर रीडचं आहे.

दुसरं आहे कोंब्ड व्हीट रीड. याला 'डेव्हन रीड'ही म्हणतात, आणि गोंधळाचं मूळ इथंच आहे. नावात रीड असलं, तरी वस्तू म्हणजे गव्हाचं काड. फरक आहे तो मळणीत. नेहमीच्या मळणीत काड यंत्राच्या ड्रममधून जातं, चेपतं, मोडतं. इथे मळणी यंत्रावर एक विंचरणी बसवलेली असते. ती ओंब्या आणि पाती ओरबाडून काढते, पण दांडा ड्रममध्ये जातच नाही. तो सरळ, अखंड बाहेर येतो आणि पेंढीत सगळे बुडखे एकाच बाजूला राहतात. असं काड छपरावर रीडसारखंच बसवता येतं, म्हणून नावही तेच चिकटलं. डेव्हन, डॉर्सेट, सॉमरसेट या नैऋत्येकडच्या परगण्यांची ही जुनी रीत आहे.

यासाठी गहू मात्र उंच लागतो, आणि इथं आपल्या ओळखीची एक गोष्ट आडवी येते. हरितक्रांतीत ज्या बुटक्या जातींनी पंजाबची शेतं भरली, तशाच आखूड दांड्याच्या जाती ब्रिटनमध्येही आल्या. त्यांचं काड छपराला पुरत नाही. शिवाय कंबाइन हार्वेस्टर त्याचा चुरा करतो, आणि नत्र जास्त झालं की दांडा कमकुवत होतो. म्हणून आजही काही शेतकरी 1964मध्ये आलेली मॅरिस विजन किंवा त्याहून कितीतरी जुनी स्क्वेअरहेड्स मास्टर अशा उंच जाती मुद्दाम पेरतात. कापून पेंढ्या बांधणाऱ्या जुन्या बाइंडर यंत्रानं कापतात आणि पेंढ्या शेतात उभ्या रचून वाळवतात. पावसाळी उन्हाळा आला की हे पीक आडवं होतं आणि पुढच्या वर्षी शाकारणाऱ्यांना काड मिळणं मुश्कील होतं. एका घराचं छप्पर टिकवायला कुणीतरी कमी उत्पन्न देणारा गहू जाणूनबुजून लावतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता रस्त्यावर उभं राहून ओळखायचं कसं? दोन्हींत फक्त बुडखे बाहेर दिसतात, त्यामुळे पाखं बारीक कापलेल्या केसांच्या ब्रशासारखं दिसतं. नजर वळचणीकडे न्या. वॉटर रीडची वळचण कापत नाहीत. लेगेट नावाच्या खाचा पाडलेल्या फळीनं दांडे खालून वर ठोकत ठोकत जागेवर बसवतात. त्यामुळे कडा ताठ येतात, कोन टोकदार राहतात. गव्हाच्या रीडची वळचण कात्रीनं किंवा सुरीनं छाटून आकारात आणतात. छप्पर मऊ, गोलसर दिसतं, खिडक्यांवरून ओघळल्यासारखं. वॉटर रीड ताठर असल्यामुळे आढ्यावर वाकत नाही, म्हणून तिथं दुसरं काही घालावं लागतं, लव्हाळ्याच्या जातीचं सेज नावाचं गवत किंवा काड. आढ्याचा पट्टा जाड, नक्षी कापलेला आहे की पाख्याशी सपाट आहे, यावरून मात्र खात्री धरू नका, आजकाल दोन्हीकडे दोन्ही पाहायला मिळतं. आणि छप्पर विस्कटलेलं, झिपरं असेल, वळचणीच्या कडेनं हेझल नावाच्या झाडाच्या कामट्यांची जाळी दिसत असेल, तर ते या दोन्हींपैकी नव्हे. ते लाँग स्ट्रॉ, तिसरा प्रकार.

आयुष्याचे आकडे खरेदीदाराला आधी हवे असतात. साधारणपणे वॉटर रीड 40 ते 50 वर्षं किंवा जास्त, गव्हाचं रीड 25 ते 35 वर्षं असं सांगतात. आढं मात्र दोन्हींत दर 10 ते 15 वर्षांनी नवं करावं लागतं. कोकणात दरवर्षी पावसाआधी शाकारणी व्हायची, हे आठवलं तर हे आकडे चकित करतात. पण ही छपरं फूटभर जाड असतात आणि उतार 45 अंशांहून अधिक असतो, त्यामुळे पाणी फक्त वरच्या थोड्या थराला भिजवून वळचणीवरून खाली गळतं. पन्हळही नसते. कॉबच्या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत, असं डेव्हनमध्ये म्हणतात. ती टोपी हीच, आणि बूट म्हणजे पाया. उतार कमी असेल, वर झाडाची सावली असेल किंवा हात कच्चा असेल, तर वॉटर रीडही वेळेआधी कुजतं. त्यामुळे 'वॉटर रीड जास्त टिकतं, मग तेच घालू' हा हिशेब मला उथळ वाटतो.

त्याचं मोठं कारण छपराच्या आत दडलेलं आहे. काडाचं छप्पर शाकारताना वरचा कुजलेला थर काढतात आणि नवं काड खालच्या जुन्या थराला हेझलच्या कांबींनी टोचून बसवतात. पिढ्यानुपिढ्या हेच चालतं, आणि सर्वांत खालचा, वाशांना बांधलेला थर हललेलाच नसतो. वॉटर रीड बसवताना सहसा सगळं उतरवून थेट वाशांपासून सुरुवात करतात. म्हणजे एका उन्हाळ्यात शेकडो वर्षांचे थर कचऱ्यात जातात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काडाच्या मुलखातही वॉटर रीड पसरलं, तेव्हा असं बरंच काही गेलं.

म्हणूनच 'लिस्टेड' हा शब्द 'रीड'शी जोडून वाचायचा. इंग्लंडमध्ये सूचीतल्या दहापैकी नऊहून अधिक इमारती ग्रेड टू आहेत, म्हणून तो दर्जा किरकोळ समजू नये. 1990च्या कायद्यानुसार इमारतीचं स्वरूप बदलणारं काम संमतीशिवाय करणं हा गुन्हा आहे. जसं होतं तसंच पुन्हा शाकारायला सहसा संमती लागत नाही. गव्हाच्या रीडऐवजी वॉटर रीड घालायचं, तर ती साधारणपणे लागते, आणि ती स्थानिक परिषदेकडून मिळवायची असते. आधीच्या मालकानं न विचारता बदल केला असेल, तर पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकाला येऊ शकते. म्हणून एजंटला सरळ विचारा: रीड गव्हाचं की पाण्यातलं, शेवटची शाकारणी कोणत्या वर्षी, तेव्हा प्रकार बदलला का, बदलला असेल तर संमतीचा कागद कुठे आहे. विमा कंपनीही छपराबद्दल विचारेलच, आणि तिचा मुख्य सवाल धुराड्याबद्दल असेल. काडाचे थर साचत गेले की धुराड्याभोवती छपराची जाडी वाढते, आणि त्याच मानानं धुराडं छपराच्या तुलनेत बुटकं होत जातं. नियमांनुसार नव्या धुराड्याचं तोंड गवती छपराच्या किमान 1.8 मीटर वर लागतं.

घर पाहायला जाल तेव्हा विजेरी घेऊन माळ्यावर चढा. डेव्हनमधली कित्येक फार्महाऊसेस मुळात धुराडं नसलेली होती. मधल्या दालनात जमिनीवर चूल पेटायची आणि धूर गवतातून वाट काढत बाहेर जायचा. वाशांवर आणि काडाच्या खालच्या बाजूवर काजळीचा चकचकीत काळा लेप दिसला, तर तो त्या काळातला आहे. त्याला हात लावू नका, झाडूही फिरवू नका. त्या काजळीनं मध्ययुगातल्या गव्हाच्या आणि राय नावाच्या धान्याच्या ओंब्या, त्या शेतातल्या तणांसकट, जशाच्या तशा जपून ठेवल्या आहेत.