रेड डेझर्टमधील एल्कची शिकार

रेड डेझर्टमधील एल्कची शिकार : अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, रॉक स्प्रिंग्ज आणि रॉलिन्स या गावांच्या उत्तरेला पसरलेल्या उघड्या, कोरड्या मुलखात शरद ऋतूत परवान्यावर होणारी एल्क या मोठ्या हरणाची शिकार. कायद्याने ती एकट्यालाही करता येते. तरी बहुतेक जण एखाद्या मित्राला किंवा भावाला बरोबर घेतात, आणि त्यात सोबतीची हौस कमी, ओझ्याचा विचार जास्त असतो. गोळी लागली की तीनशे किलोंचे जनावर गाडीपासून तीन-चार किलोमीटर दूर पडलेले असते. ते पाठीवरून आणायचे तर दुसरी पाठ हवीच.

‘एल्क’ या नावाचा घोळ आधी निस्तरायला हवा. युरोपात एल्क म्हणजे मूस, पसरट शिंगांचे वेगळेच जनावर. अमेरिकेतला एल्क म्हणजे सर्व्हस कॅनडेन्सिस. त्याला वापिटीही म्हणतात. हा शॉनी भाषेतला शब्द असून त्याचा अर्थ ‘पांढऱ्या ढुंगणाचा’ असा आहे. काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा भाऊबंद, आपले सांबर त्याच कुळातले पण जरा लांबचे. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सुमारे दीड मीटर उंच असतो. त्याची भरीव शिंगे दरवर्षी हिवाळा सरताना गळतात आणि उन्हाळाभरात पुन्हा वाढतात.

‘वाळवंट’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राजस्थान येतो. इथले चित्र आपल्या दुष्काळी माळरानाच्या जास्त जवळचे आहे, फक्त ते सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात बर्फाने झाकले जाते. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून २५ सेंटीमीटरही भरत नाही. जमिनीवर सगळीकडे सेजब्रशची करडी-हिरवी झुडपे दिसतात. ही आपल्या दवण्याच्याच प्रजातीतली (आर्टेमिसिया) असल्याने तुडवली की उग्र सुगंध सुटतो आणि कपड्यांना दिवसभर चिकटून राहतो. या मुलखाच्या मधोमध ग्रेट डिव्हाइड खोरे आहे. खंडाचा जलविभाजक इथे दुभंगून खोऱ्याच्या दोन्ही बाजूंनी जातो. त्यामुळे आत पडलेले पाणी पॅसिफिकलाही मिळत नाही आणि अटलांटिकलाही नाही. ते जागीच मुरते किंवा वाफ होऊन जाते. पश्चिमेकडच्या किलपेकर टेकड्या मात्र खऱ्याखुऱ्या वाळूच्या. हिवाळ्यातले बर्फ त्या वाळूखाली गाडले जाते, उन्हाळ्यात हळूहळू वितळते आणि टेकड्यांच्या पायथ्याशी डबकी साठतात. एवढ्या रखरखाटात एल्क तगतो तो असल्या पाण्यावर आणि स्टीमबोट माउंटनच्या आसपास माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेल्या सेजब्रशच्या आडोशावर.

एल्क हे डोंगरातलेच जनावर, ही समजूत अलीकडची आहे. १८०४ ते १८०६ या काळात अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या ल्युइस आणि क्लार्क यांच्या मोहिमेला मिसूरी नदीकाठच्या मैदानांत एल्कचे कळप भेटत होते. शेती, कुंपणे आणि मांस-कातड्याचा धंदा यांनी ते मैदानांतून संपवले. उरले ते डोंगरांत. अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोकडची एक स्थानिक जात तर विसाव्या शतकाच्या आरंभी नामशेष झाली, आणि १९१३ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले एल्क रेल्वेने आणून अ‍ॅरिझोनात सोडावे लागले. तेव्हा रेड डेझर्टचा कळप म्हणजे वाट चुकून खाली उतरलेली जनावरे नव्हेत. त्यांचे मूळ घरच अशा उघड्या मुलखात होते. रॉक स्प्रिंग्जजवळच्या व्हाइट माउंटनच्या कातळावर जुन्या रहिवाशांनी कोरलेल्या आकृत्यांत बायसन आणि घोड्यांबरोबर एल्कही आहे.

शिकारीची रीत जमिनीने ठरवलेली आहे. हाका घालून जनावर उठवणे किंवा मचाणावर बसणे इथे उपयोगाचे नाही. चढायला झाड नाही, आणि उठलेला कळप दोन डोंगरधारा ओलांडल्याशिवाय थांबत नाही. सगळा भर पाहण्यावर असतो. उजाडायच्या आधी उंचवट्यावर जाऊन बसायचे, दुर्बीण तिपाईवर लावायची आणि समोरचा माळ पट्ट्यापट्ट्याने विंचरायचा. अख्खा एल्क क्वचितच दिसतो. झुडपांवर आलेले शिंगाचे टोक, फिकट पिवळसर पुठ्ठा किंवा हललेला कान दिसतो. एका माणसाचे डोळे तासाभरात थकतात. दोघे असले की डावी-उजवी बाजू वाटून घेतात, आणि एक जण पुढे सरकत असताना दुसरा मागे राहून जनावरावर नजर ठेवतो, ठरलेल्या हातवाऱ्यांनी दिशा दाखवतो. पुढच्याला घळीत उतरल्यावर काहीच दिसत नसते. तो दीड तास निव्वळ मित्राच्या हातावर भरवसा ठेवून चालतो.

वारा हा तिसरा गडी. पहाटेची थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन तापले की उलटून वर चढते. त्या मधल्या वेळात ती कुठेही फिरते, आणि एल्कला माणसाचा वास लागला की दिवस संपला. म्हणून खिशात बारीक पावडरची बाटली ठेवतात आणि दर थोड्या वेळाने फुसकन उडवून बघतात.

सप्टेंबरात नर माजावर येतात. तेव्हाची त्यांची हाक प्रथम ऐकणाऱ्याला खरी वाटत नाही. खोल घशातून निघालेला सूर चढत चढत शिट्टीसारखा चिरका होतो आणि शेवटी दोन-चार हुंकारांत मोडतो. माजाच्या दिवसांत शिकारी तोंडात पातळ पडदा धरून मादीचा किंवा प्रतिस्पर्धी नराचा आवाज काढतात. आवाज काढणारा मागे बसतो, नेमबाज त्याच्या पुढे पन्नासेक मीटरवर. नर आवाजाच्या रोखाने येतो, त्याचे लक्ष मागच्याकडे असते आणि पुढचा त्याच्या हिशेबातच नसतो. ही युक्ती झाडीत जास्त चालते. उघड्यावर नर लांबूनच थबकतो, कारण जिथून मादी ओरडली तिथे मादी दिसत नाही.

गोळीनंतरचे काम मोठे. मांस नासते ते उष्णतेने, म्हणून कातडे ताबडतोब उतरवतात. बहुतेक जण पोट न फोडता एका कुशीवरून कातडे सोलून फरा आणि मांडी सोडवतात, पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी काढतात आणि मग जनावर उलटवून दुसरी बाजू घेतात. उलटवताना एक जण पाय ओढतो, दुसरा सुरी चालवतो. एकट्याने करायचे तर पाय दोरीने झुडपाला बांधावे लागतात आणि सेजब्रशचे झुडूप तेवढ्या ओढीला टिकत नाही. मांस हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत भरून सावलीत ठेवतात. एका मोठ्या नराचे हाडांशिवायचे मांस नव्वद-शंभर किलोंच्या घरात जाते. दोघांना प्रत्येकी दोन खेपा ठरलेल्या, हाडासकट न्यायचे तर तीन. वरच्या जबड्यातले दोन सुळे हस्तिदंतासारखे असतात आणि ते जपून ठेवायची चाल आहे. मैदानी आदिवासी जमाती पूर्वी ते बायकांच्या पोशाखावर ओळीने शिवत.

परवाना राज्याच्या वन्यजीव खात्याकडून मिळतो आणि मोक्याच्या भागांसाठी सोडत असते. परराज्यातल्या मित्रांना एकत्र अर्ज करता येतो. तेव्हा सोडतीत प्राधान्य देणाऱ्या, त्यांच्या वर्षानुवर्षे साठलेल्या गुणांची सरासरी धरली जाते, म्हणजे नव्या गड्याला जोडीला घेतले की जुन्याचे गुण पातळ होतात. यावरून मैत्रीत कुरबुरी होतातच. मित्राच्या परवान्यावर आपण गोळी झाडणे हा मात्र सरळ गुन्हा आहे. बंदुकीच्या शिकारीत अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा असतो.

सगळ्यात चमत्कारिक अडचण नकाशावरची. १८६० च्या दशकात रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंत एक चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक दिले गेले. त्यामुळे रेड डेझर्टच्या दक्षिण भागात आजही खासगी आणि सरकारी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी मांडलेली आहे. सरकारी चौकोनातून शेजारच्या सरकारी चौकोनात जायचे तर कोपऱ्यावरून पाय टाकावा लागतो, आणि तेव्हा अंग खासगी चौकोनांच्या वरून जाते. २०२१ मध्ये याच राज्यातल्या एल्क माउंटनजवळ मिसूरी राज्यातून आलेल्या चार मित्रांनी कोपऱ्यावर शिडी लावून तसे केले आणि खासगी जमिनीत घुसल्याबद्दल त्यांच्यावर खटले झाले. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, आणि जमीनमालकाच्या दिवाणी दाव्यात २०२५ च्या मार्चमध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयानेही शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. त्यासाठी १८८५ चा बेकायदा कुंपणांविरुद्धचा कायदा आधाराला घेतला गेला.

अलीकडे मारलेल्या जनावराच्या मानेतल्या लसिका ग्रंथी तपासणीला पाठवतात, कारण हरणांच्या मेंदूला पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा रोग वायोमिंगभर पसरला आहे. त्याची लागण माणसाला झाल्याचे आढळलेले नाही, तरी रोगी जनावराचे मांस खाऊ नये असा सल्ला आहे. म्हणून दोघांनी एकाच दिवशी दोन एल्क मारले असतील तर मांस एकत्र कापत नाहीत. पुड्यांवर नावे घालून निकाल येईपर्यंत ते वेगवेगळे फ्रीझरमध्ये ठेवतात.