पार्श्वभूमी: स्कीमावरून फॉर्मची तपासणी आणि ‘रिक्वायर्ड’चा घोळ

ओपनएपीआयची फाइल घ्यायची (सर्व्हरशी कोणता डेटा कसा येतो-जातो याचं वर्णन, म्हणजे स्कीमा, तिच्यात असते), तिच्यातून झॉड या टाइपस्क्रिप्टच्या तपासणी-लायब्ररीचे नियम जनरेट करायचे आणि तेच नियम फॉर्मला जोडायचे. बऱ्याच प्रोजेक्टांत आता हे काम बिल्ड स्क्रिप्टमधल्या एका ओळीचं झालं आहे. ओळ चालते, कोड निघतो, डेटाचे प्रकार तपासणाऱ्या टाइपस्क्रिप्टची काही तक्रार नसते. मग कोणीतरी नावाचा रकाना कोरा ठेवून ‘जतन करा’ दाबतं आणि फॉर्म बिनबोभाट पुढे जातो. स्कीमा उघडून पाहावी तर नाव ‘रिक्वायर्ड’च आहे. जनरेटरनेही चूक केलेली नाही. चूक असलीच तर त्या एका शब्दात आहे, आणि तिला इतिहास आहे.

डेटाचं वर्णन एकदा लिहावं आणि फॉर्म त्यातून आपोआप निघावा, ही कल्पना जेसन या आजच्या डेटा-स्वरूपाच्या आधीची. २००१ च्या एक्सएमएल स्कीमात ‘घटक नसला तरी चालेल’ आणि ‘घटक आहे पण त्यात नल (किंमतच नाही अशी खूण) आहे’ यांसाठी दोन वेगळे शब्द होते: मिनऑकर्स आणि निलेबल. २००३ च्या एक्सफॉर्म्सने डेटाचं मॉडेल एकीकडे आणि दिसणारे रकाने दुसरीकडे ठेवले. तिथे ‘रिक्वायर्ड’चा अर्थ साधा होता, की पाठवण्यापूर्वी रकान्यात काहीतरी हवं. ब्राउझर बनवणाऱ्यांनी एक्सफॉर्म्स उचललं नाही. त्यांच्यातल्या काहींनी २००४ पासून एचटीएमएलचेच फॉर्म वाढवायला घेतले, आणि आजचे ‘रिक्वायर्ड’, ‘पॅटर्न’, ‘मिन’, ‘मॅक्स’ त्या वाटेने आले. एक्सफॉर्म्स मात्र अजून जिवंत आहे: मोबाइलवर घरोघरचे सर्व्हे भरून घेणाऱ्या ओडीके पद्धतीच्या अ‍ॅपांत त्याचाच छोटा अवतार चालतो. त्यासाठीच्या एक्सेल तक्त्यात अट एका स्तंभात आणि अट मोडल्यावर दाखवायचं वाक्य दुसऱ्या स्तंभात लिहितात. एपीआयच्या स्कीमात हा दुसरा स्तंभच नाही, म्हणून जनरेट केलेल्या फॉर्मवर ‘मस्ट मॅच पॅटर्न’ असलं काहीतरी उमटतं.

सर्व्हरच्या बाजूला जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कने ‘नल’ आणि ‘ब्लँक’ वेगळे ठेवले. पहिला डेटाबेससाठी, दुसरा फॉर्मसाठी. नवशिक्यांना हे दोन शब्द फार छळतात, पण ज्या घोळाबद्दल हे टिपण आहे तो त्यांनी कधीच सोडवून ठेवला होता.

जेसन डेटा कसा असावा हे सांगणाऱ्या जेसन स्कीमाचा पहिला मसुदा डिसेंबर २००९ चा. त्यात ‘रिक्वायर्ड’ नव्हतंच, ‘ऑप्शनल’ होतं. काही न लिहिता सोडलेली प्रॉपर्टी (डेटातली एक नाव-किंमत जोडी) सक्तीची आणि सूट हवी असेल तरच सांगायचं, म्हणजे आपल्या अर्जांच्या बरोबर उलट. आपल्याकडे ‘तारांकित रकाने भरणे अनिवार्य’ अशी सूचना असते आणि तारा नसेल तिथे सूट धरतात. २०१० च्या तिसऱ्या मसुद्यात बाजू पालटली. प्रत्येक प्रॉपर्टीवर ‘रिक्वायर्ड: ट्रू’ लिहायचं, न लिहिल्यास सूट. २०१३ च्या चौथ्या मसुद्याने तो शब्द प्रॉपर्टीवरून उचलून तिला पोटात घेणाऱ्या ऑब्जेक्टवर नेला आणि त्याची यादी केली.

वरवर ही फक्त मांडणीची हलवाहलव दिसते, पण तिने अर्थ पक्का केला. सक्ती आता रकान्याची राहिली नाही, ऑब्जेक्टची झाली: या ऑब्जेक्टमध्ये अमुक नावाची प्रॉपर्टी असलीच पाहिजे. तिच्यात काय आहे हे ‘रिक्वायर्ड’ पाहत नाही. रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) असली तरी प्रॉपर्टी हजरच. आता वेबवरचा मजकुराचा रकाना कोरा सोडला तर जावास्क्रिप्टच्या हाती बहुधा रिकामी स्ट्रिंगच पडते, त्यामुळे फॉर्ममधून आलेल्या ऑब्जेक्टला चौथ्या मसुद्याचं ‘रिक्वायर्ड’ जवळजवळ कधीच अडवत नाही. एचटीएमएलचं ‘रिक्वायर्ड’ नेमकी हीच रिकामी स्ट्रिंग अडवतं (एक स्पेस टाकली की तेही सोडतं, ते असो). एकाच स्पेलिंगचे दोन शब्द, आणि जनरेटरने एकाचं दुसऱ्यात जसंच्या तसं उतरवलं की ते भाषांतर चुकतं. यावर उतारा आहे, ‘मिनलेंग्थ: १’, म्हणजे किमान एक अक्षर. पण तो स्कीमात लिहायचा कोणी? बॅकएंडवाल्याला त्याची गरज वाटत नाही आणि फ्रंटएंडवाल्याला त्या फाइलला हात लावायची मुभा नसते. जावाच्या बीन व्हॅलिडेशन या तपासणी-मानकात २०१७ पासून नॉटनल, नॉटएम्प्टी आणि नॉटब्लँक असे तीन शब्द आहेत. स्कीमात उतरताना तिघांचं बहुतेकदा एकच ‘रिक्वायर्ड’ होतं.

त्यात भर पडली ‘नलेबल’ची, आणि इथे जरा थांबावं लागेल.

चौथ्या मसुद्यानंतर जेसन स्कीमाचं काम तीनेक वर्षं मंदावलं. त्याच काळात, २०१४ मध्ये, स्वॅगर २.० (ओपनएपीआयचं आधीचं रूप) आलं. त्याने चौथ्या मसुद्याचा सोयीचा तेवढा भाग घेतला आणि नल हा प्रकार बाहेर ठेवला. ‘स्ट्रिंग किंवा नल’ असे दोन प्रकार एका यादीत लिहायचीही सोय काढली. यादी आली की जावा, सी शार्पसारख्या भाषांसाठी क्लास जनरेट करणं अवघड होतं, ही त्यामागची व्यवहारी बाजू. पण नल काही थांबला नाही. डेटाबेसमधून येतच राहिला आणि लोक ‘एक्स-नलेबल’ नावाच्या खासगी जोडणीने वेळ निभावू लागले. जुलै २०१७ च्या ओपनएपीआय ३.० ने मग ‘नलेबल: ट्रू’ अधिकृत केलं. हा शब्द जेसन स्कीमात नाही, त्यामुळे जेसन स्कीमाच्या तपासनिसाला ओपनएपीआयची फाइल थेट देणं चुकीचं ठरलं.

शब्द आला, पण त्याचा अर्थ धड ठरला नव्हता. एनमची (चालणाऱ्या किमतींची) यादी असेल आणि तिच्यात नल नसेल, तर नलेबल त्याला आत घेतं का? रेफच्या (दुसरीकडच्या व्याख्येकडे बोट दाखवणाऱ्या शब्दाच्या) शेजारी लिहिलेलं ३.० मध्ये विचारातच घेत नाहीत, मग दुसरीकडे व्याख्या केलेला, समजा, ‘पत्ता’ हा ऑब्जेक्ट नलेबल करायचा कसा? लोकांनी रेफ ‘ऑलऑफ’मध्ये गुंडाळला आणि नलेबल बाहेर लिहिलं. दिसायला छान. पण ऑलऑफ म्हणजे आतली प्रत्येक अट पाळा, आणि आतल्या पत्त्याला नल मंजूर नाही. काही टूल नल सोडत, काही अडवत. फेब्रुवारी २०२० च्या ३.०.३ मध्ये खुलासा झाला: त्याच जागी ‘टाइप’ स्पष्ट लिहिला असेल तरच नलेबलला अर्थ. म्हणजे ऑलऑफची ती सर्रास चालणारी युक्ती कागदोपत्री निरर्थक ठरली. बऱ्याच फाइलींत ती आजही आहे आणि बरेच जनरेटर तिच्याकडे कानाडोळा करून नल चालवून घेतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ३.१ आलं. त्याने जेसन स्कीमाची २०२०-१२ ही आवृत्ती पूर्ण स्वीकारली आणि नलेबल काढूनच टाकलं. आता ‘टाइप’मध्ये स्ट्रिंग आणि नल दोघांची यादी लिहायची, म्हणजे स्वॅगरने सात वर्षांपूर्वी जी दारातून घालवली तीच. शिवाय ‘एक्सक्लुझिव्हमिनिमम’ पूर्वी हो-नाही होतं, त्याचा थेट आकडा झाला. असे बदल आणि आवृत्तीचा क्रमांक मात्र ३.० वरून ३.१, यावर वाद झाला. आवृत्ती-क्रमांकांचा रूढ संकेत सांगतो की जुनं मोडत असेल तर पहिला आकडा बदला. इथे, यापुढे तो संकेत पाळणार नाही असं जाहीर करून प्रश्न मिटवला गेला. ४.० म्हटलं असतं तर बदल आहे त्यापेक्षा मोठा भासला असता, हे खरं. पण किंमत जनरेटर लिहिणाऱ्यांनी भरली. फाइलीच्या पहिल्या ओळीतल्या छोट्या आकड्यावर दोन वेगळे मार्ग सांभाळणं त्यांच्या गळ्यात पडलं, आणि ज्यांनी ते केलं नाही त्यांची टूलं ३.१ च्या फाइलीत नलेबल शोधत बसली. निर्णय बरोबर होता, क्रमांक चुकला.

फॉर्मच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नाही. प्रॉपर्टी गैरहजर, नल, रिकामी स्ट्रिंग आणि खरी किंमत, अशा चार अवस्था पाठवलेल्या डेटात असतात. माणसाला दोनच दिसतात, भरलेलं आणि कोरं. आरएफसी ७३९६ (जेसनमधल्या दुरुस्तीचं इंटरनेट मानक, ऑक्टोबर २०१४) प्रमाणे दुरुस्ती पाठवणाऱ्या एपीआयमध्ये गैरहजर म्हणजे ‘आहे तसं राहू दे’ आणि नल म्हणजे ‘पुसून टाक’. वापरकर्त्याने मधलं नाव खोडलं आणि जनरेट केलेल्या कोडने कोरा रकाना ‘ऑप्शनल’ समजून वगळला, तर खोडलेलं नाव पान उघडताच परत हजर.

२०२० नंतर झॉड पसरलं तसा कोड जनरेट करण्याचा ओघ वाढला. टाइपस्क्रिप्टचे प्रकार चालत्या प्रोग्रॅममध्ये उरत नाहीत, त्यामुळे नुसते प्रकार जनरेट करून फॉर्म तपासता येत नाही. स्कीमा ब्राउझरमध्येच वाचून तिथल्या तिथे फंक्शन तयार करावं, तर एजेव्हीसारख्या लायब्ररीचं ते काम कडक सुरक्षा-धोरण असलेल्या साइटवर अडतं. म्हणून बिल्डच्या वेळीच कोड काढणं सोयीचं.

जुने खड्डे मात्र तसेच राहिले. वयाचा रकाना कोरा सोडला आणि नियम ‘आकड्यात रूपांतर कर’ असा असेल, तर जावास्क्रिप्ट रिकाम्या स्ट्रिंगचा शून्य करतं आणि शून्य वर्षांचा अर्जदार पास होतो. आयडी ‘रिक्वायर्ड’ आणि ‘रीडओन्ली’ दोन्ही असेल तर ती सक्ती फक्त सर्व्हरच्या उत्तरापुरती, असं ओपनएपीआय ३.० सांगतं. हे न वाचलेला जनरेटर नव्या ग्राहकाकडे त्याचा आयडी मागतो. एचटीएमएलचा पॅटर्न पूर्ण मजकुराला लागतो, जेसन स्कीमाचा मजकुरात कुठेही जुळला तरी चालतो. पिनकोडसाठी ‘१ ते ९ मधला एक अंक आणि पुढे कोणतेही पाच’ असा पॅटर्न टोकं न बांधता लिहिला, तर एचटीएमएल सात अंकी ४११००११ नाकारतं आणि स्कीमा ते स्वीकारते.

मराठी नावांचा खड्डा वेगळाच. लांबी मोजताना ‘ज्ञानेश्वर’ची दहा अक्षरं भरतात, कारण हलन्त आणि मात्रा सुट्या मोजल्या जातात. ‘फक्त अक्षरं’ म्हणून युनिकोडचा अक्षरवर्ग लावला तर तेच नाव नापास, कारण मात्रा त्या वर्गात बसत नाहीत. त्यांचा वर्ग वेगळा लिहावा लागतो.

२०२५ च्या सुरुवातीला स्टँडर्ड स्कीमा नावाचा छोटा सामाईक इंटरफेस आला, त्यामुळे फॉर्म लायब्ररीला कोणत्याही तपासनिसाशी बोलता येऊ लागलं. त्याच वर्षी झॉडच्या चौथ्या आवृत्तीत उलटा मार्ग अंगभूत आला: नियम फॉर्मसाठी लिहायचे आणि जेसन स्कीमा त्यांतून काढायची. या दिशेने गेलं की ‘निदान एक अक्षर हवं’ हा नियम ‘मिनलेंग्थ: १’ होऊन आपोआप स्कीमात पोचतो. हाताने लिहिलेली तपासणी फंक्शनं, उदाहरणार्थ ‘शेवटची तारीख पहिल्या तारखेनंतरची हवी’, त्या स्कीमात उतरत नाहीत आणि ती गळाली असा इशाराही मिळत नाही.