ऑक्सिमीटरवर ९९, तरी जीव गुदमरतोय?

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, घरोघरी ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) आले, आणि त्यांनी लोकांना बुचकळ्यात टाकलं. पॉझिटिव्ह रिपोर्ट पाहताच एखाद्याला श्वास पुरेना, छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या; यंत्र मात्र ९९ दाखवतंय. उलट ८५वर उतरलेला पेशंट फोनवर निवांत गप्पा मारतोय. पुष्कळांनी दोष यंत्राला दिला.

दम लागला म्हणजे ऑक्सिजन घटला, हा आपला पक्का समज. पण श्वासाची लय एरवी ठरते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवरून. हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९०५मध्येच दाखवलं होतं. मानेतल्या धमनीपाशी ऑक्सिजनची खबर ठेवणारे संवेदकही असतात, पण त्यांची खरी ओरड सुरू होते ऑक्सिमीटर ९०च्या आसपास आल्यावर. त्यातून कोविडच्या न्यूमोनियात फुप्फुसं बराच काळ कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू शकतात. म्हणून ते ८५वाले काका निवांत.

घाबरलेल्याचं नेमकं उलटं. अ‍ॅड्रेनालिन उसळतं, श्वास भराभर चालतो. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आधीच भरलेलं, त्यात आणखी ऑक्सिजन मावणार कुठे? कार्बन डायऑक्साइड मात्र भसाभस बाहेर पडतो. रक्तातलं कार्बनिक आम्ल घटतं, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आम्ल घटलं की तो वाढतो) ७.४च्या वर सरकतो. मग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले हायड्रोजन आयन सुटतात आणि त्या जागा कॅल्शियम बळकावतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी झालं की चेतातंतू उगाचच पेटून उठतात: ओठांना मुंग्या, बोटं आखडलेली. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते. शिवाय अशा रक्तात हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहजी सोडत नाही (हा बोर परिणाम). ही लक्षणं पाहून माणूस आणखी घाबरतो, आणखी जोरात श्वास घेतो. आयसीयूतून परतलेल्या काहींमध्ये हेच चक्र पुढे कित्येक महिने नुसत्या मॉनिटरच्या आवाजानेही सुरू होतं. याला मनाचे खेळ म्हणून हिणवणाऱ्यांनी कॅल्शियमचं काय करायचं तेही सांगावं.

त्या दिवसांत कापूर-ओवा-लवंगेच्या पुरचुंडीने ऑक्सिजन वाढतो, असे मेसेज फिरत होते. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय कोविडमध्ये करूच नये. खरोखर न्यूमोनिया असला, तर पिशवीतल्या हवेत आहे तोही ऑक्सिजन कमी होत जातो. श्वास सोडताना वेळ लावावा आणि ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं घरातच चालावं. आकडा ९४च्या खाली गेला, तर भीती समजून थांबू नये, दवाखाना गाठावा.