३५६ हे उत्तर आले कुठून?

५०३ वजा २४७. पावसाळ्याच्या सुरुवातीला पाचवीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहिले आणि थोड्या वेळाने वह्या गोळा केल्या. बरोबर उत्तर २५६. त्याखेरीज तीन उत्तरे पुन्हा पुन्हा दिसली: ३४४, ३५६ आणि १६६. काही वर्षांपूर्वी मी तिन्हींवर सारखीच लाल फुली मारली असती आणि ‘लक्ष देऊन सोडव’ असे लिहून वह्या परत केल्या असत्या. या मुलांनी लक्ष दिले होते, हे मला फार उशिरा कळले.

३४४ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला. तीनातून सात जात नाहीत, मग सातातून तीन काढले. शून्यातून चार जात नाहीत, चारातून शून्य काढले. ३५६ वाल्या मुलीला हातचा ठाऊक आहे. शून्यापाशी आल्यावर तिने शून्याचे नऊ केले, पण त्यासाठी शतकाच्या घरातून एक कमी करायचे राहिले. तिच्या उत्तरात शंभर फुकटचे आले. १६६ वाल्याने शून्य ओलांडून एककासाठी थेट पाचाकडून हातचा घेतला, आणि दशकासाठी पुन्हा त्याच घरातून दुसरा. पहिल्या खेपेला त्याने शंभर आणले आणि दहाच वापरले. बरोबर उत्तराहून त्याचे उत्तर नव्वदने कमी आहे, ते नव्वद तिथे हरवले.

तीन मुले, तीन वेगळे नियम. प्रत्येकाने आपला नियम अगदी प्रामाणिकपणे पाळला आहे. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. मुलांच्या बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांच्या मागे एक चुकीची पण ठाम रीत असते, हे त्यांनी दाखवले. त्यांचा ‘बगी’ नावाचा संगणक-प्रोग्रॅम चुकणाऱ्या मुलाची भूमिका घ्यायचा, आणि शिकाऊ शिक्षकांनी त्याला नवनवी गणिते घालून त्याची चूक ओळखायची. त्या काळातली ही कृत्रिम बुद्धिमत्ताच. एआय वर्गात आणायचे तर ते या वाटेने आणावे, असे माझे मत आहे. यंत्राचे मोल ते किती झटपट उत्तर देते यात नाही, ते मुलाची चूक वाचायला शिक्षकाला कितपत मदत करते यात आहे.

त्यासाठी आजचे एआय आतून कसे चालते ते थोडे पाहायला हवे. ‘नाचता येईना, अंगण...’ एवढे म्हटले की तुमच्या मनात पुढचा शब्द आपोआप उमटतो. चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांचे मूळ काम हेच. अफाट मजकूर वाचून, आतापर्यंतच्या शब्दांनंतर कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त याचा अंदाज बांधायचा, तो तुकडा लिहायचा, मग त्याच्या पुढचा. यातून समजावून सांगण्याची विलक्षण हातोटी येते, पण सांगितलेले खरे असेलच याची हमी त्यातून मिळत नाही. मजकूर जिथे विरळ, तिथे अंदाजही डळमळतो. इंटरनेटवर इंग्रजी मजकूर चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास आहे. आठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीच्या वाट्याला तिथे एक टक्कादेखील येत नाही. आणि त्यातही आमच्या गोव्यातली मराठी ती किती?

याचा अनुभव मी घेतला. सहावीच्या प्रकल्पासाठी मुलांना खाजन शेतीची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीवरच्या शेतीची, माहिती हवी होती. एका अ‍ॅपला आम्ही मराठीत विचारले, ‘खाजन शेतीत मानस कसे काम करते?’ उत्तरात शेतकऱ्याचे मन, त्याची मानसिकता, जमिनीशी असलेले त्याचे नाते यांवर तीन सुबक परिच्छेद आले. मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप. भरतीचे पाणी चढले की त्याच्या रेट्याने तिची लाकडी दारे मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात, आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. वर्गातल्या एका मुलाच्या घरची शेती खाजनातलीच. तो उभा राहिला आणि हाताचे दोन तळवे जोडून ती दारे कशी मिटतात ते त्याने सगळ्यांना दाखवले. यंत्राचे परिच्छेद मी फळ्यावर तसेच राहू दिले आणि मुलांनाच त्यातल्या चुका शोधायला लावल्या. त्या तासात मानस साऱ्या वर्गाला कळले.

आपल्याकडच्या मुलाची भाषेची वाट वेगळी आहे, तीही लक्षात घ्यायला हवी. घरात कोकणी, चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, आणि पाचवीत हायस्कुलात आले की बहुतेक ठिकाणी सगळे विषय इंग्रजीत. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची कितीतरी मुले याच वाटेने येतात. एका मुलीला वजाबाकी उत्तम येत होती. शाब्दिक उदाहरणात ‘हाऊ मेनी फ्युअर’ आले की मात्र ती बेरीज करायची. ‘फ्यू’ म्हणजे थोडे हे तिला पाठ होते, ‘फ्युअर’ म्हणजे ‘कितीने कमी’ हे कोणी सांगितलेच नव्हते. तिची चूक गणिताची नव्हती. इथे एआय खरोखर कामी येते. तेच उदाहरण सोप्या इंग्रजीत, मग मराठीत, मग काजूबियांचा हिशेब घालून असे चार तऱ्हेने लिहून दे म्हटले की ते मिनिटाभरात देते. मी ते तपासते, एखादा शब्द बदलते आणि कागदावर छापून वर्गात नेते. मुलांच्या हातात पडद्याची गरज नाही, आणि पावसात वीज गेली तरी कागद चालतो.

मुलांच्या हातात थेट यंत्र दिले तर काय होते, याची एक तपासणी तुर्कस्तानातल्या एका शाळेत झाली. नववी ते अकरावीच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाला गणिताच्या सरावात साधे चॅटजीपीटीसारखे साधन मिळाले. दुसऱ्या गटाच्या साधनाला शिक्षकांनी आधीच बजावले होते: उत्तर सांगायचे नाही, फक्त पुढच्या पायरीचा इशारा द्यायचा. कोणत्या गणितात मुले कुठे घसरतात हेही शिक्षकांनी त्याला लिहून दिले होते. तिसरा गट वही-पुस्तकावर. सरावाच्या वेळी पहिला गट ४८ टक्क्यांनी आणि दुसरा तब्बल १२७ टक्क्यांनी सरस ठरला. मग साधने काढून घेऊन परीक्षा घेतली. पहिला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसऱ्या गटाचे हे नुकसान झाले नाही. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही की पहिल्या गटातल्या मुलांना आपण मागे पडलो आहोत याची जाणीवच नव्हती.

कारण शिकण्याच्या स्वभावात आहे. आठवायचा प्रयत्न केला, अडखळलो, पुन्हा प्रयत्न केला, की स्मरण पक्के होते. २००६ साली रोएडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एक उतारा काहींनी चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आयते उत्तर ही आठवण्याची धडपडच काढून घेते. पाढे म्हणून घेणाऱ्या आपल्या जुन्या मास्तरांना हे अनुभवाने माहीत होते.

शिक्षकाच्या हाताशी यंत्र दिले तर वेगळे चित्र दिसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये सुमारे ९०० शिकवणी-शिक्षक आणि १८०० मुलांवर एक प्रयोग मांडला. मूल चुकले की यंत्र शिक्षकाला सुचवायचे, ‘आता असा प्रश्न विचारून बघा.’ मुलाशी यंत्र बोलत नव्हतेच. त्या मुलांचे घटक पक्का होण्याचे प्रमाण ४ टक्के-बिंदूंनी (म्हणजे शंभरात चाराने) वाढले, आणि ज्यांचे शिकवणे आधी कमकुवत मानले गेले होते त्यांच्या मुलांचे ९ टक्के-बिंदूंनी. हे शिक्षक उत्तर सांगून टाकण्याऐवजी मुलालाच पुढे विचार करायला लावू लागले होते.

मीही तसेच करते. मुलांच्या वह्यांतली फक्त उत्तरे टिपून एआयला देते आणि विचारते, कोणत्या रीतीने हे उत्तर येऊ शकेल? नाव, फोटो, शाळा यांतले काही देत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, आणि कायदा नसता तरी परक्या घरचे मूल असे उघड्यावर ठेवणे मला जमले नसते. यंत्र दोन-तीन शक्यता सांगते. त्यांतली एखादी साफ चुकीचीही असते, म्हणून प्रत्येक रीत मी स्वतः कागदावर चालवून बघते. खरी परीक्षा मात्र मुलाजवळ बसूनच होते.

३५६ वालीला मी दुसऱ्या दिवशी बोलावले. टेबलावर शंभराच्या पाच खोट्या नोटा आणि रुपयाची तीन नाणी ठेवली. म्हटले, मला २४७ रुपये दे. सात सुटे नव्हते. दहाची नोट मोडावी म्हणून तिने पाहिले तर दहाची एकही नाही. थोडा वेळ ती नुसती बघत राहिली. मग शंभराची एक नोट माझ्याकडे सरकवली आणि दहाच्या दहा मागितल्या. त्यातली एक मोडून सुटे दहा घेतले. उरलेल्या दहाच्या नोटा तिने बोटाने मोजल्या, नऊ. मग तिची नजर शंभराच्या नोटांकडे गेली.

‘टीचर, इथे चारच राहिल्या,’ असे म्हणत तिने वही ओढली आणि पाचावर काट मारली.