बँक शुल्काचा परतावा आणि ओव्हरड्राफ्टचे कर्ज (मुंबई)

बँकेने खात्यातून नियमाबाहेर कापलेले शुल्क परत मिळवणे आणि ओव्हरड्राफ्टचे, म्हणजे शिल्लक संपल्यावरही खात्यातून उचललेल्या रकमेचे, वाढते देणे आटोक्यात आणणे, ही बँकेच्या दप्तरात दोन वेगळी प्रकरणे असतात. पगारदाराच्या पासबुकात मात्र ती एकाच पानावर येतात. शुल्क कापले जाते, शिल्लक घटते, पुढचा हप्ता परततो, त्याचा दंड बसतो आणि तो भागवायला ओव्हरड्राफ्टला हात लागतो. रिझर्व्ह बँकेचे मुख्यालय १९३७ पासून मुंबईत आहे. भारतीय बँक संघ १९४६ मध्ये याच शहरात स्थापन झाला, आणि कर्जदारांची पत नोंदवणारी सिबिल ही संस्थाही इथलीच. नियम करणारे आणि त्या नियमांची झळ सोसणारे लोक एकाच लोकलने प्रवास करतात, पण खातेदाराला आपल्या बाजूचे नियम सहसा कुणी सांगत नाही.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९९९ पूर्वी बँकांच्या सेवाशुल्काचे मानक दर भारतीय बँक संघ ठरवत असे. त्यानंतर प्रत्येक बँकेला आपापले दर ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि तक्रारी वाढल्या. शुल्क वाजवी आहे की नाही हे कसे ठरवावे, यासाठी रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये कार्यगट नेमला. महाराष्ट्र आणि गोव्याचे तत्कालीन बँकिंग लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे रिझर्व्ह बँकेचे अधिकारी) एन. सदाशिवन हे त्याचे अध्यक्ष होते. गटाने सर्वसामान्य ग्राहकाला लागणाऱ्या मूलभूत सेवा निश्चित केल्या आणि त्यांवरचे शुल्क वाजवी असावे, ग्राहकाला ते आधी कळवलेले असावे, असे सुचवले.

मात्र रिझर्व्ह बँक बहुतेक शुल्कांचा आकडा स्वतः ठरवत नाही. ती पद्धत ठरवते: पूर्वसूचना, संचालक मंडळाची मंजुरी, दरपत्रकाची प्रसिद्धी. त्यामुळे ‘शुल्क फार आहे’ एवढ्याच मुद्द्यावर पैसे परत मिळणे कठीण असते. ‘शुल्क लावताना अमुक नियम पाळला नाही’ हा मुद्दा टिकतो. ब्रिटनमध्येही अशीच गाठ पडली होती. परवानगीविना झालेल्या ओव्हरड्राफ्टवरील शुल्क परत मिळावे म्हणून तिथे लाखो ग्राहकांनी दावे केले, पण ते शुल्क न्याय्य आहे का हे ग्राहक करारांच्या नियमांखाली तपासता येत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये दिला आणि ती लाट ओसरली.

किमान शिल्लक

सर्वाधिक गैरसमज इथे आहेत. किमान शिलकेची अट असलेल्या बहुतेक बँका महिन्याची सरासरी शिल्लक पाहतात. रोजच्या अखेरच्या शिलकेची बेरीज करून तिला दिवसांच्या संख्येने भागतात. समजा अट १०,००० रुपयांची आहे आणि महिना तीस दिवसांचा. एका खात्यात पाच दिवस ६०,००० आणि उरलेले पंचवीस दिवस फक्त २,००० रुपये होते. सरासरी ११,६६७ निघते, दंड नाही. दुसऱ्या खात्यात महिनाभर ९,००० रुपये जसेच्या तसे पडून होते, तिथे दंड. काटकसरीने पैसे राखणाऱ्याला हे कोडे वाटते आणि त्याचा राग रास्त आहे.

२० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने या दंडाला मर्यादा घातल्या. त्या १ एप्रिल २०१५ पासून लागू झाल्या. शिल्लक कमी पडली की बँकेने ग्राहकाला एसएमएस, ई-मेल किंवा पत्राने स्पष्ट कळवायचे. शिल्लक भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. दंड घ्यायचा तो जेवढी रक्कम कमी पडली तिच्या टक्केवारीत. त्यासाठी टप्पे ठरवता येतात, पण शंभर रुपये कमी पडले आणि पाच हजार कमी पडले तरी दंड एकच, हे चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ या दंडामुळे बचत खाते उणे शिलकेत जाता कामा नये. पासबुकात किमान शिलकेच्या दंडाची नोंद असून तिच्यापुढची शिल्लक उणे दिसत असेल, तर ती एकच ओळ तक्रारीला पुरेशी आहे.

मुंबईत हा दंड बहुतेकदा नोकरी बदलल्यावर सुरू होतो. अंधेरीतली नोकरी सोडून माणूस ठाण्यात रुजू होतो, तिथे नव्या बँकेत खाते उघडतो. जुन्या ‘झिरो बॅलन्स’ पगार खात्यात काही महिने पगार आला नाही की ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिलकेची अट लागू होते. माणसाला हे कळते ते वर्षभराने, पासबुक छापून घेतल्यावर. असे खाते वापरातच नसेल तर बंद करावे. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय ठरते. त्यावर किमान शिलकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करायलाही शुल्क घेता येत नाही. ज्याला ही कटकटच नको त्याने मूलभूत बचत ठेव खाते मागावे. त्याला किमान शिलकेची अटच नाही आणि ते नाकारण्याचा अधिकार शाखेला नाही.

हप्ता परतल्याचा दंड

पगार एक तारखेऐवजी सात तारखेला झाला आणि मोबाइलचा २,२०० रुपयांचा हप्ता पाच तारखेला परतला, असे धरू. बँकेचे परतीचे शुल्क ५०० रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी धरून ५९० होतात. सावकार कंपनीने सहा तारखेला हप्ता पुन्हा सादर केला आणि तोही परतला, तर आणखी ५९०. कंपनीचा स्वतःचा दंड तेवढाच धरला तर दोन हजार दोनशेच्या हप्त्यावर १,७७० रुपये गेले. सात तारखेला पगार जमा होताच हे सगळे आधी वळते होते, आणि महिना सुरू होतो तोच तोट्यात.

यातले काय परत मागता येते? हप्ता आला त्या वेळी खात्यात पुरेशी शिल्लक होती, हप्ता आपोआप कापण्याची संमती आधीच रद्द केलेली होती, रक्कम संमतीपेक्षा जास्त होती, किंवा कापलेले शुल्क दरपत्रकापेक्षा जास्त होते, तर हक्काने. धनादेश परतल्याचे शुल्कही चूक ग्राहकाची असेल तेव्हाच घेता येते. शिल्लक खरोखरच नव्हती तर हक्क उरत नाही. तरीही शाखाधिकाऱ्याला विनंती करण्यात कमीपणा नाही. वर्षानुवर्षांच्या खातेदाराचा एखादा दंड शाखा सोडून देते. फक्त विनंतीचे पत्र आणि हक्काची तक्रार एकाच कागदावर लिहू नये. विनंतीपुढे हक्काचा मुद्दा फिका पडतो.

कर्ज देणाऱ्या बँका आणि कंपन्यांनाही बंधन आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार हप्ता चुकल्यास वाढीव व्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क घेता येते, आणि त्या दंडशुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

एटीएममधून पैसे न येता खात्यातून वजा झाले तर व्यवहारानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते. हा नियम सप्टेंबर २०१९ चा आहे.

तक्रारीची रीत

सुरुवात पासबुकापासून होते. मागील तीन वर्षांचे खातेउतारे काढून शुल्काच्या प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलने रेघ मारावी. नोंदी तुटक इंग्रजी अक्षरांत असतात. न कळलेल्या नोंदीचा अर्थ शाखेत लेखी विचारावा. मग दोन प्रतींत पत्र: खाते क्रमांक, तारीख, रक्कम, कोणता नियम मोडला, किती पैसे परत हवेत. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, पत्र ठेवून जा’ असे सांगितले जाते. पत्र ठेवून जाऊ नये, पोच द्यायला नकार मिळाला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही, कारण पुढची सगळी मुदत या तारखेपासून मोजली जाते. पत्र मराठीत चालते. अर्ज, पावती पुस्तके यांसारखे छापील साहित्य बँकांनी इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत ठेवायचे असते.

बँक तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल, तर ज्या बँकांना अंतर्गत लोकपाल (बँकेच्या आतच तक्रारी पुन्हा तपासणारा अधिकारी) नेमणे बंधनकारक आहे त्यांनी ती आधी त्याच्याकडे पाठवायची असते. फेटाळल्याच्या उत्तरात तसा उल्लेख नसेल तर तो मागावा.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल ही पुढची पायरी. बँकिंग लोकपाल योजना १९९५ मध्ये आली. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी वेगवेगळ्या योजना एकत्र होऊन एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाली. या योजनेप्रमाणे बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही तर वर्षभरात लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. २०२१ च्या योजनेत नुकसानभरपाईची मर्यादा २० लाख रुपये, आणि मनस्ताप व वाया गेलेला वेळ यांसाठी आणखी १ लाखापर्यंत. पोस्टाने आणि ई-मेलने येणाऱ्या तक्रारी चंडीगडच्या केंद्रात स्वीकारल्या जातात, कोणत्याही भाषेत. ऑनलाइन तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचे पोर्टल आहे आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मुंबईच्या लोकपालांची कार्यालये मुंबई सेंट्रल स्थानकासमोर, रिझर्व्ह बँकेच्या भायखळा इमारतीत आहेत.

नागरी सहकारी बँका मुंबईच्या मराठी वस्तीत घरच्यासारख्या मानल्या जातात. ५० कोटी रुपये किंवा अधिक ठेवी असलेल्या नागरी बँका २०२१ च्या योजनेखाली येतात. त्याहून लहान बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण आणि संरक्षण कक्षाकडे करायची. ‘आपली बँक आहे, तक्रार कशी करायची’ हा संकोच अनेकांना, विशेषतः ज्येष्ठांना, महागात पडतो.

ग्राहक आयोगाचा मार्ग वेगळा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून या शहरात काम करते आणि तक्रार कशी मांडावी याचे मार्गदर्शन करते.

जनधन खात्यांचे प्रकरण

लहान रकमा मिळून केवढ्या होतात, हे मुंबईतल्याच एका अभ्यासाने दाखवले. पवईच्या आयआयटीतील प्राध्यापक आशिष दास यांनी मूलभूत बचत खात्यांवरील (जनधन खाती त्यांतलीच) शुल्काचा पाठपुरावा केला. स्टेट बँक या खात्यांवर महिन्यातल्या चार व्यवहारांनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला, तो यूपीआयने केला असला तरी, १७.७० रुपये घेत होती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ३० ऑगस्ट २०२० रोजी बँकांना सांगितले की, १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर घेतलेले असे शुल्क परत करावे. नोव्हेंबर २०२१ च्या अहवालानुसार एप्रिल २०१७ ते सप्टेंबर २०२० या काळात २५४ कोटींहून अधिक रुपये गोळा झाले होते, ९० कोटी परत दिले गेले आणि १६४ कोटी द्यायचे राहिले होते. हे पैसे होते घरकाम करणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या, भाजीची पाटी लावणाऱ्या माणसांचे. सतरा रुपये सत्तर पैशांसाठी यांतला कुणी लोकपालाकडे गेला नसता. म्हणूनच अशा अभ्यासाचे मोल मोठे.

ओव्हरड्राफ्ट

ओव्हरड्राफ्ट, कोशातल्या मराठीत अधिकर्ष, म्हणजे शिल्लक संपल्यावरही ठरलेल्या मर्यादेपर्यंत रक्कम उचलण्याची सोय. दुकानदार तिला नुसते ‘ओडी’ म्हणतो. मुदत ठेवीवर, पगारावर, घरावर ती मिळते. पात्र जनधन खातेदारांना १०,००० रुपयांपर्यंत मिळते. २०१८ पूर्वी ही मर्यादा ५,००० होती.

व्याज उचललेल्या रकमेवरच, रोजच्या देण्यावर मोजतात आणि सहसा महिन्याला लावतात. १५ टक्के दराने ८०,००० रुपये तीस दिवस वापरले तर व्याज सुमारे ९८६ रुपये. त्याच खात्यात ४०,००० रुपयांचा पगार दहा दिवस जरी टिकला तरी सुमारे १६४ रुपये वाचतात. म्हणून ओडी असलेल्या घराने खर्च महिन्याच्या शेवटाकडे ढकलणे फायद्याचे.

धोका ॲपच्या पडद्यावर असतो. मर्यादा एक लाखाची आणि खाते ३८,००० ने उणे असेल तर अनेक ॲप ‘उपलब्ध रक्कम ६२,०००’ असे ठळक अक्षरांत दाखवतात. गणपतीच्या आधी ती रक्कम आपलीच वाटू लागते. उणे आकडा बघायला खातेउतारा उघडावा लागतो. दर आठवड्याला तो उघडावा.

बाहेर पडायचे तर पहिले काम व्याज नव्हे, गळती थांबवणे: परतणारे हप्ते पगाराच्या तारखेनंतर वळवून घ्यावेत. नंतर बँकेकडे लेखी मागावे की, ओडीचे हप्त्यांच्या कर्जात रूपांतर करा किंवा मर्यादा दर महिन्याला थोडी थोडी उतरवत न्या. मर्यादा उतरत गेली नाही तर भरलेले पैसे पुन्हा उचलले जातात. हातात मुदत ठेव असेल आणि पगारावरच्या ओडीचे व्याज ठेवीच्या व्याजाहून जास्त असेल, तर ठेव मोडून देणे फेडावे, भावना आड येऊ देऊ नये. ज्या बँकेचे देणे आहे तिथेच सगळी बचत ठेवू नये. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७१ ने बँकेला ग्राहकाच्या तिच्या ताब्यातील मालमत्तेवर धारणाधिकार, म्हणजे देणे फिटेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क, दिला आहे.

खाते सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिले, किंवा तेवढ्या काळात व्याजाइतकीही रक्कम जमा झाली नाही, तर ते थकीत ठरते. वसुलीचे फोन त्यानंतर वाढतात. सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुली एजंटाने फोन करायचा नाही, धमकावायचे नाही, नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा बजावले. चाळीत येऊन आरडाओरडा करणाऱ्याचे ओळखपत्र मागावे, वेळ लिहून ठेवावी आणि बँकेला त्याच दिवशी कळवावे.

एकरकमी तडजोड, म्हणजे पूर्ण देण्याऐवजी ठरलेली कमी रक्कम एकदम भरणे, झाली तर पत अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा येतो आणि पुढचे कर्ज मिळणे अवघड होते. पूर्ण फेडले तर ‘क्लोज्ड’. तडजोडीचे पत्र हाती पडल्याखेरीज पैसे भरू नयेत, आणि भरल्यावर देणे नसल्याचा दाखला घ्यावा. वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल विनामूल्य मिळतो. त्यात चुकीची नोंद आढळली आणि तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.