समुद्राच्या बर्फाची जाडी आणि मार्च एंड

उत्तर ध्रुवाकडच्या गावांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: तिथे तर बर्फच बर्फ, त्याची जाडी मोजायला पैसे कशाला घालायचे? आणि मोजायचीच तर वरून उपग्रह आहेतच की!

कॅनडाच्या लॅब्राडॉर किनाऱ्यावर नेन नावाचे, इन्युइट या उत्तरेतल्या मूलनिवासी लोकांचे गाव आहे. नुनात्सियावुत या त्यांच्या स्वशासित प्रदेशातले हे सर्वांत उत्तरेकडचे गाव. तिथे गाडीरस्ता जात नाही. हिवाळ्यात समुद्र गोठला की तोच रस्ता होतो, शिकारीचा, सरपणाचा, नातेवाइकांकडे जाण्याचा. २००९-१० चा हिवाळा तिथे विलक्षण उबदार गेला. बर्फ उशिरा धरला, पातळच राहिला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटेवर माणसे पाण्यात पडली. त्यातून नुनात्सियावुतचे सरकार आणि न्यूफाउंडलंडचे मेमोरियल विद्यापीठ यांनी मिळून बर्फाची जाडी मोजणारा ‘स्मार्टआइस’ हा उपक्रम उभा केला.

उपग्रह इथे का पुरत नाही? रडारचा उपग्रह पाण्यावर डोकावणाऱ्या बर्फाची उंची मोजतो. ती एकूण जाडीच्या साधारण दहावा हिस्सा असते, म्हणजे उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली की जाडीत दहाची होते. शिवाय त्याची नजर विस्तीर्ण समुद्रासाठी आहे, खाडीतल्या एका वाटेसाठी नाही.

स्मार्टआइसची युक्ती मला फार आवडते, कारण ती तुमच्या ओट्यावरच्या इंडक्शन शेगडीत आहे. शेगडीच्या काचेखाली तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट प्रवाह गेला की बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. काच ते जाऊ देते, पण वरच्या भांड्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि भांडे तापते. आता शेगडी उलटी धरा. काचेच्या जागी बर्फ, भांड्याच्या जागी समुद्र.

समुद्राचे पाणी खारट, म्हणून विजेचे चांगले वाहक. पण ते गोठताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि त्या जाळीत मिठाच्या आयनांना जागाच नसते. मीठ बाहेर ढकलले जाते. थोडे खारे पाणी बर्फात बारीक कप्प्यांमध्ये अडकते, बाकीचे खाली निथळते. त्यामुळे बर्फ समुद्राच्या मानाने जवळजवळ विद्युतरोधकच ठरतो.

कामुतीक म्हणजे इन्युइटांची पारंपरिक घसरगाडी. ती स्नोमोबाइलमागे, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारगाडीमागे ओढतात आणि तिच्यावर स्मार्टआइसचे उपकरण असते. त्यात ३.६६ मीटर अंतरावर दोन वेटोळी. पहिल्यातून सेकंदाला ९,८०० फेऱ्या पुऱ्या करणारा उलटसुलट प्रवाह जातो. त्याचे क्षेत्र वर पडलेले भुसभुशीत हिम आणि खालचा बर्फ सहज ओलांडते, पाण्यात भोवरे उठवते, आणि त्या भोवऱ्यांचे स्वतःचे दुय्यम क्षेत्र वर परत येते. दुसरे वेटोळे ते टिपते. मूळ क्षेत्र कितीतरी जोरकस असल्याने, त्याच्या लहरीपेक्षा पाव फेरीने सरकलेला भाग वेगळा काढावा लागतो. पाणी वेटोळ्यापासून जितके खाली, तितका तो भाग क्षीण. त्यावरून पाण्यापर्यंतचे अंतर कळते, गाडीची उंची वजा केली की हिम आणि बर्फ यांची मिळून जाडी हाती येते. एकही भोक न पाडता!

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. इन्युइट ज्येष्ठांना बर्फाची ‘अंतःप्रेरणा’ असते, असे कौतुकाने लिहिले जाते. ते कौतुक नव्हे, अन्याय आहे. भाला टोचून, रंग पाहून, प्रवाह कुठे ओढतो ते लक्षात ठेवून त्यांनी हे ज्ञान मिळवले आहे. ते निरीक्षण आहे, दैवी देणगी नाही. घसरगाडी कुठल्या वाटेने न्यायची, हे तेच ठरवतात.

आता पैशाचे. स्मार्टआइसला २०१६ साली आर्क्टिक इन्स्पिरेशन प्राइझ मिळाले. कॅनडाच्या उत्तरेतल्या कामांना वाहिलेला हा पुरस्कार आहे. कॅनडा सरकारचीही मूलनिवासी समाजांच्या हवामान-निरीक्षणासाठी अनुदान योजना आहे. यंत्र घ्यायला पैसे मिळतात. पण दर आठवड्याला गाडी ओढणाऱ्या गावातल्या माणसाचा पगार, इंधन, उपग्रहाद्वारे माहिती पाठवण्याचे शुल्क हे खर्च दर वर्षी येतात, आणि अनुदाने बहुधा मुदतीची असतात. कॅनडा सरकारचे आर्थिक वर्षही आपल्यासारखेच ३१ मार्चला संपते. मार्च एंडची धांदल आपल्याला नवी नाही. नेनच्या समुद्रावरचा बर्फ मात्र ३१ मार्चला संपत नाही.

उलट खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते. एप्रिल-मेमध्ये बर्फ उबदार होतो, त्यातले खारे कप्पे मोठे होऊन एकमेकांना जुळतात आणि बर्फच थोडी वीज वाहू लागतो. नदीच्या मुखाशी तर वितळलेले गोडे पाणी बर्फाखाली पसरते. गोडे पाणी वीज नीट वाहत नाही, म्हणून उपकरण त्यालाही बर्फातच धरते आणि जाडी आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. चूक नेमकी जीवघेण्या बाजूला होते. तेव्हा गिरमिटाने भोक पाडायचे, मोजपट्टी आत सोडायची आणि आकडा ताडून पाहायचा. हे काम यंत्र करत नाही. त्यासाठी ती खाडी ओळखणारा माणूस एप्रिलमध्येही पगारावर असावा लागतो.